नवरदेवाच्या खांद्यावरचा ‘कोंडा’

विदर्भात लग्नसराईचा जोर एप्रिल-मेमध्ये असतो. सकाळी गावातल्या सलूनमध्ये नवरदेवाची कटिंग होते, दाढी होते, डोक्याला ओंजळभर जेल लागतं आणि भांग कोरल्यासारखा बसतो. दुपारी अक्षता पडेपर्यंत गडद निळ्या शेरवानीच्या खांद्यावर पांढरी भुकटी दिसू लागते. करवली हळूच झटकते, फोटोवाला दोनदा थांबवतो आणि लग्नानंतर घरात कोंड्याचा शाम्पू येतो.

तो कोंडा नसतोच. कोंडा म्हणजे डोक्याच्या कातडीचे सुटलेले पापुद्रे. खांद्यावर पडलेली भुकटी म्हणजे वाळून फुटलेलं जेल. ओळखायची खूण सोपी आहे. एक कण ओल्या बोटावर घ्या आणि दुसऱ्या बोटाने चोळा. विरघळून चिकट झाला तर जेल, तसाच राहिला तर कोंडा. शाम्पू विकत घेण्याआधी एवढं जरूर करून पाहा.

याच डबीतलं जेल ऑगस्टमध्ये लावलं तर भुकटी अजिबात पडत नाही. तेव्हा दुपारपर्यंत केस लोंबतात आणि हात लावला तर चिकचिक लागते. डोकं तेच, डबी तीच. मग बदललं काय? हवा. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे हवेतली सापेक्ष आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते, पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर राहते. केसांना लावायची वस्तू निवडताना डबीवर ‘स्ट्राँग होल्ड’ लिहिलंय की ‘अल्ट्रा’, याच्या आधी बाहेरची हवा बघायला हवी.

आधी केसाकडे पाहू. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या लांब साखळ्या एकमेकींना दोन महत्त्वाच्या प्रकारांनी धरून असतात. गंधकाचे बंध पक्के असतात, ते तोडायला केस सरळ किंवा कुरळे करायची जहाल रसायनं लागतात. हायड्रोजन बंध मात्र कच्चे असतात आणि साध्या पाण्याने सुटतात. आंघोळीनंतर ओल्या केसांत भांग पाडला की केस वाळताना हे बंध नव्या जागी बसतात आणि भांग टिकतो. पुन्हा ओल लागली की बंध सुटतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो. केसाला ओल इतकी नेमकी कळते की १७८३ मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक यंत्र केलं. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेला की केस सुमारे २ टक्के लांबतो, म्हणजे १० सेंटिमीटरचा केस २ मिलिमीटरने. ही हालचाल रोखून धरणं हे जेलचं काम.

बहुतेक स्वस्त जेलमध्ये हे काम पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन करतं. डबीच्या मागे त्याला पीव्हीपी म्हणतात. जर्मनीत वाल्टर रेप्पे यांनी १९३९ च्या सुमारास ते तयार केलं. आपल्याला ते अनोळखी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जखमेवर जे तपकिरी पोव्हिडोन-आयोडीन लावतात, त्यातलं पोव्हिडोन म्हणजे हेच. जेल ओलं असताना ते पाण्यात विरघळलेलं असतं. दोन केस जिथे एकमेकांवरून जातात तिथल्या फटीत पृष्ठताण हे द्रावण ओढून घेतो. पाणी उडालं की त्या जागी पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा, छोटा सांधा उरतो. डोक्यावर असे हजारो सांधे तयार होतात. कुंपण घालताना काट्या जिथे आडव्या-उभ्या होतात तिथेच तार बांधतो, तसंच हे. सांधे शाबूत आहेत तोवर भांग शाबूत.

आता या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट. तिच्यासाठी पापड आणायला हवा.

भाजलेला पापड मे महिन्यात कडक राहतो, बोटाने दाबला तर काडकन मोडतो. तोच पापड पावसाळ्यात ताटलीत उघडा ठेवला तर तासाभरात सादळतो आणि वाकवला तर वाकतो. त्याची चव बदलत नाही, बदलते त्याची अवस्था. कडक पापड हा पदार्थविज्ञानाच्या भाषेत काच असतो. त्यातल्या लांब साखळ्या जिथल्या तिथे थिजलेल्या असतात. ओल आत शिरली की पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये घुसतात, त्यांना एकमेकींवरून सरकायला जागा करून देतात आणि काचेचं रबर होतं. ज्या तापमानाला हा बदल होतो त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. संपूर्ण कोरड्या पीव्हीपीचं हे तापमान १५० अंशांच्याही वर असतं, म्हणून विदर्भाचं ऊन त्याला एकट्याने मऊ करू शकत नाही. पण पीव्हीपी पाण्याचं फार हावरं आहे. दमट हवेत ते स्वतःच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत पाणी नुसत्या हवेतून ओढतं. जसजसं पाणी शिरतं तसतसं काच-संक्रमण तापमान घसरत जातं आणि हवा पुरेशी दमट असेल तर ते आपल्या नेहमीच्या तापमानापर्यंत खाली येतं. त्या क्षणी डोक्यावरचे सगळे सांधे सादळतात. केस लोंबतो, चिकटतो, धूळ धरतो.

मे महिन्यात उलटं घडतं. सांधा इतका कोरडा होतो की तो वाकतच नाही, फक्त फुटतो. फणी घातली, टॉवेलने घाम पुसला, फेटा चढवला की तडा जातो. थर जितका जाड तितका तुकडा मोठा आणि तितका तो खांद्यावर उठून दिसतो. ओंजळभर जेल लावलेल्या नवरदेवाची फजिती इथे होते.

यात आपल्या कुलरचाही हात आहे. वाळ्याच्या ताट्यांचा कुलर हवेत पाणी सोडूनच गारवा देतो, त्यामुळे कुलरच्या खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी दमट असते. तिथे जेल सावकाश आणि अर्धवटच वाळतं. हाताला वाळल्यासारखं लागतं, पण आत ओल असते. तसाच माणूस ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात गेला की उरलेलं पाणी झपाट्याने उडतं, थर आकसतो आणि त्याला भेगा पडतात. म्हणून मेमध्ये जेल लावायचंच असेल तर कुलरसमोर नको, बाजूच्या खोलीत किंवा ओसरीवर सावलीत लावा. केस ओलसर हवेत, निथळते नकोत. ५-७ सेंटिमीटरच्या केसांना हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढं जेल पुरतं. ते दोन्ही तळव्यांवर पसरून मागून पुढे लावा, फणीने बसवा आणि मग १५ मिनिटं हात लावू नका. वाळल्यावर फणी नाही म्हणजे नाही.

जेल लावण्याआधी डोक्यावरचा घाम धुवून टाकायचा असतो. त्याचं कारण तळहातावर बघता येतं. हरभऱ्याएवढं जेल घ्या, त्यावर मिठाची चिमूट टाका आणि बोटाने फिरवा. अर्ध्या मिनिटात घट्ट जेलचं पाणी होतं. जेलला घट्टपणा बहुधा कार्बोमर नावाचं दुसरं पॉलिमर देतं. त्याच्या साखळीवर ऋण विद्युतभार असतात, ते एकमेकांना ढकलतात, साखळी फुगून पसरते आणि एक टक्क्याहूनही कमी कार्बोमर सगळं पाणी धरून ठेवतं. मिठातले सोडियमचे धन आयन त्या भारांना झाकून टाकतात, ढकलणं थांबतं, साखळी गोळा होते आणि पाणी सुटतं. घामात मीठ असतंच. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यातही असतं. अशा पाण्याने निथळत्या केसांना जेल लावलं की ते पातळ होऊन कानामागे ओघळतं, कुठे जाड बसतं, कुठे बसतच नाही. तिथे केस टॉवेलने चांगले टिपून घ्यावेत, शेवटचा एक तांब्या गोड्या पाण्याचा असेल तर फारच उत्तम.

वॅक्सचं वागणं अगदी वेगळं. ते वाळत नाही, म्हणून फुटत नाही आणि पाणी ओढत नाही, म्हणून सादळतही नाही. पावसाळ्यात आणि फेट्याखाली माझं मत वॅक्सलाच. त्याचा शत्रू उष्णता. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पेट्रोलॅटम, म्हणजे आपलं व्हॅसलीन, त्याहून बरंच आधी मऊ पडतं आणि मेच्या उन्हात काळे केस हवेपेक्षाही जास्त तापतात. पेट्रोलॅटमच जास्त असलेलं वॅक्स मग घामाबरोबर कपाळावर उतरतं, तिथली छिद्रं बुजवतं आणि पुरळ उठवतं. डबी उलटी करून घटकांची यादी वाचा. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचा नियम आहे. उन्हाळ्यासाठी घेताना मेणाचं नाव पेट्रोलॅटमच्या आधी असलेली डबी घ्या. तुरीच्या दोन दाण्यांएवढं वॅक्स तळव्यांवर पूर्ण पारदर्शक होईपर्यंत चोळा, मगच केसांना लावा. नाहीतर गोळे राहतात.

पातळ आणि लवकर तेलकट होणाऱ्या केसांना क्ले बरी. तिच्यातली केओलिन किंवा बेंटोनाइट माती तेल शोषते आणि केसाकेसांतलं घर्षण वाढवते. चमकही येत नाही, कारण मातीचे कण प्रकाश विखरून टाकतात. मुळातच राठ केसांना ती आणखी राठ करते. हिवाळ्यात, हवा ना फार कोरडी ना फार दमट असताना, साधं जेलही नीट वागतं. पावसाळ्यातही जेलच हवं असेल तर यादीत नुसत्या पीव्हीपीऐवजी व्हीपी/व्हीए कोपॉलिमर शोधा. ते पाणी कमी ओढतं.

आपल्याकडे घरचं जेलही होतं आणि ते चांगलं होतं. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ७ ते १० मिनिटं उकळा आणि ढवळत राहा. चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच मलमलीच्या फडक्यातून गाळा. जास्त उकळलं किंवा थंड होऊ दिलं तर ते फडक्यातून उतरतच नाही, कितीही पिळा. जवसाच्या सालीतली लांब साखळ्यांची शर्करा इथे पीव्हीपीचं काम करते. सादळते तीही. फ्रिजमध्ये हे जेल आठवडाभर राहतं, बाहेर मे महिन्यात दुसऱ्या दिवशी आंबतं, कारण त्यात जंतू रोखणारं काही नसतं. मात्र जवसाचं तेल केसांना चोपडू नका. हवा लागली की ते वाळून घट्ट होतं, म्हणूनच ते लाकडाला लावतात.

जेलने टक्कल पडतं ही समजूत गावोगावी पक्की आहे. कातडीबाहेरचा केस मेलेला असतो, जिवंत मूळ आत असतं आणि पुरुषांचं नेहमीचं टक्कल आनुवंशिकता आणि संप्रेरकांमुळे पडतं. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस अचानक गळाले, तेव्हा आधी संशय पाण्यावर गेला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य फार वाढलेलं आढळलं. मुळाला इजा पोहोचली ती रक्तातून. याच कारणाने डबीवर ‘बायोटिनयुक्त’ लिहिलेल्या जेलला दहा रुपये जास्त देऊ नका. मेलेल्या केसाला जीवनसत्त्वाचा काही उपयोग नाही.

धुण्यात बहुतेकांची चूक होते. वॅक्सवर आधी पाणी ओतून वडीचा साबण लावला तर जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका करतं आणि तो वॅक्ससकट केसांवर बसतो. त्यापेक्षा कोरड्या केसांतच चमचाभर खोबरेल दोन-तीन मिनिटं चोळा, तेलात वॅक्स विरघळतं. त्यावर पाण्याआधीच शाम्पू लावा, मग थोडंथोडं पाणी घेत पांढरं दुधाळ होईपर्यंत चोळा आणि धुवा. जेलला इतकं काही लागत नाही. डोकं भिजवून दोन मिनिटं थांबा, पाणी सांध्यांत मुरलं की जेल आपोआप सुटतं. कोरड्या जेलमध्ये फणी घातली तर सांध्याऐवजी केसच तुटतो.