पोर्तुगालचे वसाहतयुद्ध आणि तरुणांचा विरोध (१९६१–१९७४)

अंगोला, गिनी (आताचा गिनी-बिसाऊ) आणि मोझांबिक या आफ्रिकेतील तीन वसाहती राखण्यासाठी पोर्तुगालने तेरा वर्षे केलेले युद्ध आणि त्या युद्धाला मायदेशातील विद्यार्थ्यांनी व सक्तीच्या लष्करसेवेच्या वयातील तरुणांनी केलेला विरोध. त्याच काळातील व्हिएटनाम युद्धाविरुद्धची अमेरिकन निदर्शने जगभर पोहोचली, तसा हा विरोध पोहोचला नाही. पोर्तुगालमध्ये युद्धविरोधी मोर्चा काढणे हाच गुन्हा होता, वृत्तपत्रांचा मजकूर छपाईपूर्वी सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीखालून जात असे आणि ‘पिदे’ या गुप्त पोलिस दलाची विद्यापीठांवर कायम पाळत असे. त्यामुळे तेथील विरोधाने मुख्यतः दोन वाटा धरल्या: देश सोडून जाणे आणि बराकीत राजकारण नेणे. राजवट अखेर कोसळली ती दुसऱ्या वाटेने. तथापि पहिल्या वाटेने तिला आधीच माणसांवाचून दुबळे केले होते.

१९३२ पासून पंतप्रधान असलेल्या आंतोनियू सालाझार यांनी १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘समुद्रापारचे प्रांत’ असे नाव दिले. उत्तर पोर्तुगालमधील मिन्योपासून आशियातील तिमोरपर्यंत राष्ट्र एकच, ही त्यामागील अधिकृत भूमिका होती आणि तिच्यामुळे वसाहतीच्या स्वातंत्र्याची मागणी हा आपोआप राष्ट्रद्रोह ठरे. ४ फेब्रुवारी १९६१ रोजी लुआंडातील तुरुंगावर हल्ला झाला. १५ मार्चला उत्तर अंगोलात उठाव होऊन शेकडो गोरे वसाहतवाले आणि त्यांच्या मळ्यांवरील आफ्रिकी मजूर मारले गेले. त्याचा सूड म्हणून त्याहून कितीतरी अधिक आफ्रिकी लोकांचे बळी घेण्यात आले. १३ एप्रिलच्या भाषणात सालाझार यांनी ‘अंगोलाकडे, त्वरेने आणि पूर्ण बळानिशी’ असा आदेश दिला. पुढे जानेवारी १९६३ मध्ये गिनीत आमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने आणि सप्टेंबर १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेने सशस्त्र लढा सुरू केला.

या सगळ्यात गोव्याचे स्थान महत्त्वाचे आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा, दमण व दीव मुक्त केले, त्याच्या काही दिवस आधी सालाझार यांनी गव्हर्नर जनरल वासालू ई सिल्वा यांना तारेने कळवले होते की तह नको, कैदी नकोत. सैनिक व खलाशी एक तर विजयी असावेत किंवा मृत. गव्हर्नरांनी हा आत्मघातकी हुकूम मानला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत भारताच्या कैदेत होते. मायदेशी परतल्यावर त्यांचे स्वागत संशयाने झाले आणि वासालू ई सिल्वा यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. राजकीय निर्णयाचे खापर सैनिकांच्या माथी फोडले जाते, ही गाठ पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या मनात तेव्हापासून पक्की बसली.

जेमतेम नव्वद लाख लोकवस्तीच्या पोर्तुगालने या युद्धासाठी मायभूमीतून सुमारे आठ लाख तरुण उभे केले. सक्तीची सेवा हळूहळू चार वर्षांपर्यंत लांबली आणि त्यांपैकी सुमारे दोन वर्षे आफ्रिकेत काढावी लागत. लिस्बनच्या आल्कांतरा धक्क्यावरून ‘न्यासा’, ‘व्हेरा क्रूझ’ यांसारखी जहाजे सैनिक घेऊन निघत. आठ हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मरण पावले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस सरकारी खर्चाचा सुमारे ४० टक्के भाग युद्धाकडे जात होता. स्त्रियांना सक्तीची सेवा नव्हती, परंतु आया, बहिणी आणि वाङ्‌निश्चय झालेल्या मुली यांचे आयुष्य टपालावर टांगलेले असे.

लष्करी वयाच्या मुलाला परवानगीवाचून पासपोर्ट मिळत नसे. त्यामुळे फ्रान्सला जाण्याचा मार्ग चोरवाटेचा होता. ठरलेली रक्कम घेऊन वाटाडे माणसांना रात्री स्पेनची हद्द ओलांडून पिरेनीजपलीकडे नेत. वाटाड्याने फसवू नये म्हणून एक युक्ती रूढ झाली होती: जाणारा आपले छायाचित्र फाडून अर्धे वाटाड्याजवळ देई व अर्धे स्वतःजवळ ठेवी, सुखरूप पोहोचल्यावर तो आपला तुकडा घरी धाडी, आणि दोन्ही तुकडे जुळले की घरचे लोक उरलेले पैसे वाटाड्याला देत. पॅरिसजवळच्या शांपीन्यी येथे अशा लोकांची मोठी झोपडपट्टी वसली. हे सर्वजण युद्धविरोधक होते असे म्हणता येत नाही, कारण दारिद्र्य हेही देश सोडण्याचे तितकेच मोठे कारण होते आणि एकाच माणसाच्या मनात ही दोन्ही कारणे वेगळी काढणे अशक्य होते. तरीही आकडे बोलके आहेत. सुमारे दोन लाख तरुण लष्करी वैद्यकीय तपासणीलाच फिरकले नाहीत. वर्दी चढवल्यानंतर पळालेल्यांची संख्या आठ हजारांच्या पुढे गेली. फ्रान्स, नेदरलँड्स, स्वीडन आदी देशांत या फरारींच्या समित्या स्थापन झाल्या.

पळावे की युद्धावर जावे, यावरून डाव्या चळवळीत तीव्र मतभेद होते. माओवादी गट सैन्यातून, शक्यतो शस्त्रासह, निघून जाण्याचा पुरस्कार करीत. भूमिगत कम्युनिस्ट पक्षाचे म्हणणे उलट होते: कार्यकर्त्याने एकट्याने पळू नये, अटक अटळ असेल तर गोष्ट वेगळी, एरवी त्याने भरती व्हावे आणि सैनिकांमध्ये काम करावे. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला ज्या युद्धाला विरोध करायचा त्यातच पाठवणारी ही भूमिका निष्ठुर वाटते, पण १९७४ चा विचार करता ती अगदीच चुकीची ठरली नाही.

विद्यापीठांतील संघर्ष आरंभी युद्धावर नव्हे, संघटनेच्या हक्कावर पेटला. मार्च १९६२ मध्ये सरकारने ‘विद्यार्थी दिन’ साजरा करण्यास बंदी केली आणि पोलिस लिस्बनच्या विद्यापीठ परिसरात घुसले. विद्यार्थ्यांनी ‘शैक्षणिक सुतक’ जाहीर करून वर्गांवर बहिष्कार टाकला; पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज सांपायू हे त्यांच्या नेत्यांपैकी एक होते. पोलिसांच्या प्रवेशाच्या निषेधार्थ राजीनामा देणारे तत्कालीन कुलगुरू मार्सेलू कायतानू हेच १९६८ मध्ये सालाझार यांच्यानंतर पंतप्रधान झाले आणि त्यांनी युद्ध चालूच ठेवले. वसाहतींतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी सरकारनेच १९४४ मध्ये काढलेले लिस्बनमधील वसतिगृह व मंडळ १९६५ मध्ये बंद करण्यात आले. काब्राल आणि अंगोलाचे आगुस्तीन्यू नेतू यांच्यासारखे नेते तेथेच एकमेकांना भेटले होते.

१७ एप्रिल १९६९ रोजी कोईंब्रा विद्यापीठात गणित विभागाच्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन राष्ट्राध्यक्ष अमेरिकू तोमाझ यांच्या हस्ते चालू असताना विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष आल्बेर्तू मार्तिन्श उभे राहिले आणि त्यांनी विद्यार्थ्यांच्या वतीने बोलण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. त्याच रात्री त्यांना अटक झाली. यानंतर वर्गांवर व परीक्षांवर बहिष्कार पडला. २२ जूनला पोर्तुगीज चषकाच्या अंतिम सामन्यात कोईंब्राचा आकादेमिका संघ बेन्फिकाविरुद्ध उतरला, तेव्हा प्रेक्षागृहात निषेधाचे फलक झळकले; सामना दूरचित्रवाणीवर दाखवला गेला नाही आणि राष्ट्राध्यक्षही आले नाहीत. शिक्षा म्हणून ४९ विद्यार्थी कार्यकर्त्यांना सक्तीने सैन्यात दाखल करण्यात आले. बंडखोरांना बराकीत धाडून गप्प करण्याची ही कल्पना म्हणजे सरकारने आपल्याच घरात आणून ठेवलेली ठिणगी होती.

१९७० नंतर विरोध उघडपणे युद्धविरोधी झाला. मार्च १९७१ मध्ये कम्युनिस्टांच्या सशस्त्र गटाने तांकुशच्या हवाई तळावरील विमाने व हेलिकॉप्टर उडवून दिली. ऑक्टोबर १९७२ मध्ये जुझे रिबेइरू दुश सांतुश हा कायद्याचा विद्यार्थी लिस्बनमधील एका सभेत गुप्त पोलिसाच्या गोळीने ठार झाला. वर्षअखेरीस लिस्बनमधील राटूच्या चॅपेलमध्ये कॅथलिकांनी शांततेसाठी उपोषण व जागरण आरंभले. पोलिसांनी चॅपेल रिकामे केले आणि सहभागी सरकारी नोकरांना कामावरून काढण्यात आले. चर्च हा राजवटीचा जुना आधार असल्याने हा धक्का मोर्चापेक्षा अधिक झोंबला.

लष्करी अकादमीकडे तरुणांनी पाठ फिरवल्याने कनिष्ठ अधिकाऱ्यांची टंचाई निर्माण झाली आणि विद्यापीठांतून सक्तीने आलेल्या पदवीधरांनाच पलटणींचे नेतृत्व द्यावे लागले. जुलै १९७३ च्या वटहुकुमाने अशांना अल्प प्रशिक्षणानंतर कायम श्रेणीत घेण्याची सोय केली, तेव्हा व्यावसायिक कॅप्टन संतापले. बढतीच्या या तक्रारीतून सुरू झालेल्या त्यांच्या बैठकी लवकरच युद्धाच्याच प्रश्नावर आल्या. गिनीत पराभव दिसू लागला होता आणि ‘दुसरा गोवा’ झाल्यास दोष आपल्यावर येईल, ही भीती त्यांच्यात होती. २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे रेडिओवरील गाण्याच्या ठरलेल्या खुणेनंतर तुकड्या निघाल्या. सांतारेंहून आलेल्या कॅप्टन साल्गेइरू माया यांच्या चिलखती गाड्यांनी कायतानू यांनी आश्रय घेतलेल्या लिस्बनमधील कार्मू बराकीला वेढा घातला आणि संध्याकाळी कायतानू यांनी सत्ता सोडली.

मे महिन्यात फरारी व सेवा टाळणाऱ्यांना माफी जाहीर झाली. तरीही आफ्रिकेकडे तुकड्या जातच होत्या, म्हणून ‘वसाहतींत आता एकही सैनिक नको’ ही घोषणा रस्त्यांवर उघडपणे घुमू लागली. पोर्तुगालने सप्टेंबर १९७४ मध्ये गिनी-बिसाऊला मान्यता दिली, १९७५ च्या जूनमध्ये मोझांबिक आणि नोव्हेंबरमध्ये अंगोला स्वतंत्र झाले. ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्वही लिस्बनने मान्य केले, आणि वासालू ई सिल्वा यांना सैन्यातील हुद्दा परत मिळाला.