लाकूड (शब्द आणि त्याचे अर्थ)

लाकूड म्हणजे झाडाच्या खोडाचा नि फांद्यांचा सालीच्या आतला टणक भाग, इथपर्यंत काही वाद नाही, पण त्या भागाला वेगळं नाव द्यायचं की झाडाचंच नाव चालवायचं, आणि दिलेलं नाव पुढे कुठवर ताणायचं, ह्यात प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी आहे. एका भाषेत झाड आणि लाकूड एकच, दुसरीत लाकूड आणि जंगल एकच, तिसरीत जाळायचं लाकूड वेगळं नि घराला लावायचं वेगळं. ही नोंद त्या शब्दांबद्दल आहे, लाकडाच्या जातींबद्दल किंवा टिकाऊपणाबद्दल नाही.

लाकूड आणि काठी यांची अदलाबदल

आपला लाकूड हा शब्द मुळात ह्या पदार्थाचा नव्हताच. संस्कृतात लगुड किंवा लकुट म्हणजे दांडकं, सोटा. पाशुपत शैवांचे आचार्य लकुलीश ह्यांच्या नावात तोच सोटा आहे आणि त्यांच्या मूर्तीच्या हातातही दंड दिसतो. ह्या लकुटावरून मराठीत लाकूड, कोकणीत लांकूड, गुजरातीत लाकडुं, पंजाबीत लक्कड आणि हिंदीत लकडी झालं, आणि अर्थ दांडक्यावरून सरकत सरकत दांडकं ज्याचं बनतं त्या पदार्थावर जाऊन बसला. हिंदीत तो अजून दोन्हीकडे आहे, लकडी म्हणजे लाकूडही आणि हातातली काठीही.

आणि त्याच वेळी दुसरा शब्द बरोबर उलट्या दिशेने निघाला होता. संस्कृतात लाकडाला खरा शब्द काष्ठ, त्याचं प्राकृतात कट्ठ झालं, हिंदी, बंगाली, नेपाळीत काठ झालं आणि तिथे त्याचा अर्थ आजही लाकूडच आहे. काठमांडूचं नाव काष्ठमंडपावरून आलंय, म्हणजे लाकडी मंडपावरून, आणि तो अख्खा मंडप एकाच झाडाच्या लाकडाचा अशी तिथली आख्यायिका आहे. (२०१५ च्या भूकंपात तो पडला, नंतर पुन्हा उभा केला.) मराठीत मात्र ह्या काष्ठाची काठी झाली. म्हणजे पूर्वी जो दांडका होता तो आपल्याकडे लाकूड झाला आणि जे लाकूड होतं ते दांडकं झालं, दोघांनी एकमेकांच्या जागा घेतल्या. मला मराठीतली ही गोष्ट फार आवडते, कारण दोन्ही शब्द आपण रोज वापरतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. काष्ठ हा शब्द आपल्याकडे उरला तो काष्ठशिल्पात, आणि "वाळून नुसतं काष्ठ झालाय" असं आजारी माणसाबद्दल बोलतो त्यात. नदीचा काठ किंवा लुगड्याचा काठ मात्र ह्या घरातला नाही, तो कंठावरून आलेला आहे.

झाड, लाकूड, सरपण, जंगल

डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ लुई येल्मस्लेव ह्यांनी १९४३ मध्ये एक साधा तक्ता मांडला, तो भाषाशास्त्राच्या वर्गात आजही शिकवतात. जर्मनमध्ये झाड म्हणजे बाउम, लाकूड म्हणजे होल्त्स, जंगल म्हणजे वाल्ड. फ्रेंचमध्ये आर्ब्र म्हणजे झाड आणि फोरे म्हणजे मोठं जंगल, पण मधला ब्वा हा शब्द लाकडालाही चालतो आणि छोट्या रानालाही. आणि डॅनिशमध्ये दोनच शब्दांत काम भागतं, ट्रे म्हणजे झाड आणि लाकूड दोन्ही, स्कोव म्हणजे रान, लहान असो की मोठं. जग तेच, झाडं तीच, पण प्रत्येक भाषेने कुंपण वेगळ्या ठिकाणी घातलंय, एवढंच त्यांना दाखवायचं होतं आणि ते ह्याहून सोपं करून कुणी दाखवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. इंग्रजीतला वुड फ्रेंच ब्वासारखाच, लाकूडही तोच आणि रानही तोच.

हाच तक्ता आपल्या बाजूला वाढवून बघितला तर तमिळ-मल्याळममध्ये मरम् आणि कन्नडमध्ये मर म्हणजे झाडही आणि लाकूडही, म्हणजे ह्या भाषा डॅनिशच्या बाजूच्या. इंडोनेशियात कायू म्हणजे लाकूड, आणि त्यांच्याकडे दालचिनीला कायू मानिस म्हणतात, गोड लाकूड. जपानीत कि म्हणजे झाड आणि लाकूड, आणि लिहिताना तेच अक्षर दोनदा काढलं की झाडी होते, तीनदा काढलं की घनदाट जंगल. चिनी पंचतत्त्वांत लाकूड हे एक तत्त्व आहे आणि ते गुरू ग्रहाशी जोडलेलं आहे, त्यामुळे जपानीत आपल्या गुरुवाराला मोकुयोबी म्हणतात, लाकडाचा वार. आपल्या पंचमहाभूतांत लाकडाला जागा नाही.

मराठी ह्या बाबतीत बारीक कापते. झाड वेगळं, लाकूड वेगळं, रान वेगळं, आणि लाकडातही चुलीत जायचं ते लाकूड नाहीच, ते सरपण, जळण, कुठे जळाण, कोकणात फाटी. ज्यांच्या घरी चूल होती त्यांना हे सांगावं लागत नाही. आधी काटक्या, मग ढलप्या, धग धरली की मग जाडं लाकूड सारायचं, आणि ओलं आलं तर डोळ्यांतून पाणी. पावसाच्या आधी जे रचून ठेवायचं ते सगळं जळण, त्यात गोवऱ्याही आल्या, तुराट्याही आल्या, नारळाच्या झावळ्याही आल्या, म्हणजे इथे शब्द पदार्थावरून ठरत नाही, तो कशासाठी आणलाय त्यावरून ठरतो. तेच झाड वखारीत गेलं की ओंडका, कापला की फळी, छपरावर चढला की वासा नाहीतर तुळई. सुताराच्या करवतीखालून निघतो तो भुसा आणि त्याला पुन्हा कुणी लाकूड म्हणत नाही.

जाळायचं आणि बांधायचं हा फरक युरोपातही आहे. स्पॅनिशमध्ये मादेरा म्हणजे कामाचं लाकूड, लेन्या म्हणजे सरपण. इटालियनमध्ये फरक फक्त लिंगाचा, पुल्लिंगी लेन्यो म्हणजे लाकूड आणि स्त्रीलिंगी लेन्या म्हणजे जळण. आपल्याकडे ते खोड आणि ती खोड असतात तसं ऐकायला वाटतं, पण आपल्या दोन खोडांचे अर्थ एकमेकांपासून लांब आहेत, तिथे दोन्ही लाकूडच आहे.

लाकडापासून "पदार्थ"

हा भाग मला सगळ्यात मोठा वाटतो. ग्रीक भाषेत ह्यूले म्हणजे रान, सरपण, लाकूड. ॲरिस्टॉटलला जगातली प्रत्येक वस्तू ज्यातून घडते त्या कच्च्या द्रव्यासाठी शब्द हवा होता आणि त्याने हाच शब्द घेतला, जसं सुतारासमोर लाकूड असतं, आकार अजून यायचाय. लॅटिनमध्ये तेच मातेरिआ ह्या शब्दाचं झालं. मातेरिआ म्हणजे इमारती लाकूड, त्याचं नातं मातेर म्हणजे आई ह्या शब्दाशी लावतात, फांद्या फुटतात ते आईचं खोड. पुढे मातेरिआ म्हणजे कुठलंही द्रव्य झालं आणि त्यातूनच इंग्रजी मटेरियल आलं. बांधकामाच्या साईटवर "मटेरियल उतरलं का" असं विचारतात आणि उतरलेली असते वाळू नि सिमेंट, पण शब्द लाकडाचा आहे. स्पेन-पोर्तुगालमध्ये मात्र हा शब्द मूळ अर्थाला धरून राहिला, स्पॅनिश मादेरा, पोर्तुगीज मादेइरा, दोन्ही लाकूडच, आणि अटलांटिकमधल्या मादेइरा बेटाला हे नाव पडलं ते तिथल्या दाट झाडीमुळे.

आणि हा विचार फक्त ग्रीकांचा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विश्वकर्म्याच्या सूक्तात विचारलंय, "किं स्विद् वनं क उ स वृक्ष आस यतो द्यावापृथिवी निष्टतक्षुः", ते कुठलं लाकूड होतं, कुठलं झाड होतं, ज्यातून आकाश आणि पृथ्वी तासून काढली. इथे वन म्हणजे लाकूड, जंगल नाही, आणि क्रियापद सुताराचं आहे, तासायचं, ज्याच्यावरून सुताराला तक्षन् म्हणत. विश्व कशाचं बनलं हा प्रश्न एका सुताराच्या डोळ्याने विचारलाय. आज मराठीत वन म्हणजे फक्त जंगल, लाकडाचा अर्थ पार गळून गेला.

इमारती लाकडाला इंग्रजीत टिंबर म्हणतात, त्याचं जर्मन भावंड त्सिमर, आणि त्सिमर म्हणजे आता खोली. बांधणं आणि घर ह्या अर्थाच्या ज्या जुन्या धातूतून हे आलं त्यातूनच वैदिक दम् म्हणजे घर आलं, आणि दम्पती म्हणजे घराचे धनी. म्हणजे लग्नपत्रिकेतलं दांपत्य आणि वखारीतलं टिंबर लांबून का होईना नातेवाईक आहेत.

दारु आणि दारू

संस्कृतात लाकडाला अजून एक शब्द, दारु, ऱ्हस्व उकाराचा. देवदार म्हणजे देवांचं लाकूड, दारुहळद म्हणजे लाकडासारखी हळद. पुरीच्या जगन्नाथाला दारुब्रह्म म्हणतात कारण तिथल्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या असतात आणि ज्या वर्षी आषाढ अधिक येतो तेव्हा नवकलेवर होऊन नव्या घडवतात, मागचं नवकलेवर २०१५ ला झालं, त्याच्या आधीचं १९९६ ला. हा शब्द फार जुना, इंग्रजी ट्री, रशियन देरेवो, ग्रीक दोरु हे सगळे त्याचे भाऊ. त्यातल्या ग्रीक दोरुचा अर्थ लाकूड आणि पुढे भाला, कारण भाल्याचा दांडा लाकडाचा. लाकडाच्या टणकपणातून दारुण शब्द आला असं कोशकार मानतात, संस्कृतात मृदूच्या विरुद्ध दारुण, कठीण, कठोर. क्रिकेटच्या बातमीत दारुण पराभव वाचतो तो हाच. इंग्रजीत त्याच घराण्यातून ट्रू आला, झाडासारखा पक्का तो खरा. एकाच टणकपणातून इकडे भयंकर निघालं आणि तिकडे भरवशाचं.

आपली दारू, दीर्घ ऊकाराची, फारसीतून आली आणि तिथे तिचा अर्थ औषध, दवादारूमधला. बंदुकीची दारू आणि दारूगोळाही तिथूनच.

उदबत्ती

देवघरातली उदबत्ती हातात घेऊन बघा. अरबीत ऊद म्हणजे मुळात लाकूड, काटकी, आणि नंतर खास करून ते सुगंधी लाकूड ज्याला आपण अगर म्हणतो. अगरु हा संस्कृत शब्द, म्हणजे अगरबत्ती आणि उदबत्ती ही एकाच लाकडाची दोन नावं आहेत, एक संस्कृतातून आलेलं आणि एक अरबीतून, आणि मराठी घरात दोन्ही नांदतात. आसाम आणि आग्नेय आशियात ह्याची झाडं असतात, झाडाला बुरशीचा संसर्ग झाला की आतलं लाकूड राळेने काळं नि जड होतं आणि तेवढ्याच भागाला वास असतो. चांगलं अगर पाण्यात बुडतं म्हणून चिनीत त्याचं नाव बुडणारा सुगंध असं आहे. अरबी ऊद हे वाद्याचंही नाव, अल-ऊद म्हणत युरोपात गेलं आणि इंग्रजीत ल्यूट झालं. म्हणजे एका लाकडाच्या शब्दातून एकीकडे तंतुवाद्य निघालं आणि एकीकडे आपली उदबत्ती.

चंदनाचंही असंच, संस्कृत चंदन, अरबीत संदल, तिथून युरोपात सँडल, म्हणजे सँडलवुडमधलं सँडल. सहाणेवर उगाळतो त्या तुकड्याला मराठीत चंदनाचं खोड म्हणतात, बोटभर उरला तरी खोडच, झाडाचं अख्खं नाव त्या तुकड्याने सोडलेलं नसतं. आणि इंग्रजी टीक हा शब्द मल्याळम तेक्कुवरून पोर्तुगीजांनी उचलला, आपण सागच म्हणत राहिलो.

वुड ह्या इंग्रजी शब्दाचं आपल्याकडे जे झालं तेही नोंदवायला हवं. लॉस एंजेलिसजवळच्या एका वसाहतीचं नाव १८८७ मध्ये हॉलीवुड असं नोंदलं गेलं, पुढे तिथे सिनेमा आला, आणि आपण बॉलीवुड, टॉलीवुड, कॉलीवुड करत करत शेपटाला नवीनच अर्थ दिला. इथे वुड म्हणजे सिनेमाचा धंदा.

मराठी बोलण्यातलं लाकूड

कैद्याचे पाय अडकवायच्या लाकडी ओंडक्याला खोडा म्हणत, तो गेला पण कामात खोडा घालणारे आहेत. फट पाडायला ठोकतात ती लाकडाची पाचर, आणि जमलेल्या गोष्टीत पाचर मारणारेही असतात. फाटा म्हणजे फांदी, म्हणून मुद्द्याला फाटे फुटतात. पंचांसमोर काडी मोडली की नवराबायकोचं नातं संपलं, त्याला काडीमोड म्हणत, आणि तो शब्द आज कोर्टात झालेल्या घटस्फोटालाही चालतो, काडी कुणी मोडत नसताना. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण तर लाकडाने लाकडाबद्दल केलेली तक्रार आहे, पातं लोखंडाचं असलं तरी दांडा आपल्यातलाच.

माणसाच्या बांध्याला आपण अंगकाठी म्हणतो, उंच अंगकाठीचा, किरकोळ अंगकाठीची. आणि जमीनही काठीनेच मोजत. जुन्या मोजणीत पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, २० काठ्यांचं एक पांड आणि २० पांडांचा एक बिघा. इंग्लंडातही जमिनीला रॉड, पोल आणि पर्च अशी तीन नावं असलेलं एकच माप होतं, साडेपाच यार्डांचं, म्हणजे साधारण पाच मीटर, आणि तिन्ही शब्दांचा अर्थ दांडा नाहीतर काठी असाच आहे.