फ्यूजची तार: एकपदरी की दोनपदरी?

भिलवडीच्या खालच्या अंगाला कृष्णेच्या काठावर आमची मोटार आहे. पत्र्याची शेड, आत स्टार्टरची पेटी, आणि पेटीशेजारी खिळ्याला अडकवलेलं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. रात्रपाळीची लाईट असली की आबा ऊस भिजवायला निघायचे आणि बॅटरी धरायला मी सोबत असायचे. फ्यूज गेलेला असला की आबा तारेचा तुकडा तोडून किटकॅटच्या, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या चिनीमातीच्या ठोकळ्याच्या, दोन स्क्रूंमध्ये आवळत. तेवढ्यात बांधापलीकडून हाक यायची, "आबा, दोन पदरी घाला की! सारखं सारखं कोण बांधत बसतंय?"

आबा दुसरा पदर घालायचे. गावात सगळेच घालायचे, अजूनही घालतात. त्या एका जास्तीच्या पदरानं नेमकं काय बदलतं, हा हिशोब मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागल्यावर कधीतरी बसून केला, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

सुरुवात व्होल्टेजपासून करू. आपल्या भागात त्यासाठी कोयनेसारखं उदाहरण नाही. पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाची उंची १०३ मीटर. धरणाच्या पायथ्याला एक वीजघर आहे, ४० मेगावॉटचं. पण कोयनेची खरी वीज तिथं होत नाही. शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे कोकणात, चिपळूणकडच्या पोफळीला नेलंय. तिथं ते ४०० मीटरहून जास्त उंचीवरून टर्बाइनवर आदळतं. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी १०० मीटर खाली आलं तर त्यातून, गळती न धरता, साधारण १ मेगावॉट मिळतो. तेच पाणी ४०० मीटर खाली आलं तर ४ मेगावॉट. पाणी तेवढंच, पण उंची चौपट म्हणून ताकदही चौपट. या योजनेची एकूण क्षमता १९६० मेगावॉटवर गेली ती पलीकडच्या त्या उतारामुळे.

विजेत उंचीच्या जागी व्होल्टेज असतं. सेकंदाला किती पाणी वाहतं, त्या जागी ॲम्पिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट. आणि तार पाण्याच्या वाटेतल्या पाइपासारखी वाहणाऱ्याला अडवते, त्याला रोध म्हणतात, तो ओहममध्ये मोजतात. व्होल्टेजला रोधानं भागलं की करंट येतो. हा नियम गेओर्ग ओम यांनी १८२७ साली मांडला, आणि पुढचा सगळा हिशोब त्याच्यावरच चालतो.

एका ठिकाणी मात्र पाण्याची उपमा सोडून द्यावी लागते. पाइप फुटला की पाणी बाहेर सांडतं. तार तुटली की वीज सांडत नाही, ती थांबते. विजेला निघाल्या जागी परत जायला वाट लागते. ती वाट तारेची असेल, लोखंडी पेटीची असेल, ओल्या मातीची असेल किंवा माणसाच्या अंगाची. वीज यात निवड करत नाही. जितक्या वाटा मोकळ्या असतील तितक्यांतून ती वाहते, कमी रोधाच्या वाटेनं जास्त.

आता आमची मोटार घेऊ. ५ एचपी म्हणजे ३७३० वॉट. थ्री फेजला, म्हणजे तीन तारांतून येणाऱ्या विजेवर, मोटारीतली स्वतःची घट धरून, ती साधारण ८ ॲम्पिअर घेते. एचपीला दीड ॲम्पिअर हा वायरमनचा तोंडी हिशोब आहे आणि तो बरोबर आहे.

ही वीज येते डीपीतून, म्हणजे वरच्या लाइनीचं व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून. ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीला ११ हजार व्होल्टच्या बाजूनं फक्त ३.३ ॲम्पिअर येतात, आणि खाली ४३३ व्होल्टच्या बाजूनं तीच ताकद ८४ ॲम्पिअर होऊन निघते. तारेत जी उष्णता होते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट पंचवीसपट म्हणजे त्याच तारेत उष्णता सहाशेपटीहून जास्त. म्हणून वीज लांब न्यायची तर उंच व्होल्टेजवर न्यायची आणि शेवटच्या टप्प्यात उतरवायची. आपल्याकडे अडचण होते ती या शेवटच्या टप्प्यात, कारण डीपी रस्त्याकडेला असते आणि मोटारी नदीच्या पोटात. समजा दहा मोटारींचे ८० ॲम्पिअर एका लांब लाइनवरून चाललेत आणि प्रत्येक तारेचा रोध अर्धा ओहम आहे. दर तारेत ४० व्होल्ट तिथंच खर्च झाले. डीपीवर ४३३ असलेलं व्होल्टेज नदीवर ढोबळमानानं ३६५ च्या आसपास पोचतं. तिन्ही तारा मिळून साडेनऊ किलोवॉट नुसती हवा तापवण्यात जातात. त्यात आमच्यासारख्या दोन मोटारी चालल्या असत्या. हल्ली एक-दोन शेतकऱ्यांमागं छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून ११ हजारांची लाइनच मळ्यापर्यंत नेतात, त्यामागं हेच गणित आहे, आणि माझ्या मते शेतीच्या विजेसाठी झालेल्या कामांतलं ते सर्वांत शहाणपणाचं आहे.

"होल्टेज नाही, मोटार उचलंना," हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की त्यातलं विज्ञान दिसेनासं झालंय. मोटारीचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गावर असतो. व्होल्टेज १६ टक्के उतरलं की जोर ७० टक्क्यांवर येतो. मोटार घुमते, फिरत नाही, आणि उभ्या उभ्या नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढत राहते. चालू मोटारीचं वेगळं. तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की ती करंट वाढवून भरपाई करते. ८ चे साडेनऊ ॲम्पिअर होतात, गुंडाळीतली उष्णता चाळीस टक्क्यांनी वाढते. गुंडाळीच्या तारेवरचा लाखेसारखा थर दर १० अंश जास्तीच्या तापमानाला साधारण निम्मं आयुष्य गमावतो. मोटार त्या दिवशी जळत नाही. ती दोन उन्हाळे अलीकडे जळते, आणि मग आपण म्हणतो, रिवाइंडिंग चांगलं केलं नव्हतं.

आमची मोटार जळाली ती एका जानेवारीत, रात्री दोनच्या सुमाराला. शेडभर करपलेल्या वार्निशचा वास. दुसऱ्या दिवशी रिवाइंडिंगवाल्यानं ती उघडली, आत एक नजर टाकली आणि म्हणाला, "फेज गेलावता. दोनावर चाललीय ही." मला ते जादूसारखं वाटलं होतं. त्यानं बोटानं दाखवलं: तीन फेजच्या गुंडाळ्यांपैकी दोन कोळशासारख्या काळ्या, तिसरी नव्यासारखी तांबूस. स्टार जोडणीच्या मोटारीत, म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोकं एकत्र जोडलेली असतात तिच्यात, एक फेज गेला की असंच होतं. उरलेल्या दोन तारांवर सगळं काम येतं, करंट १.७३ पट होतो, ८ चे १४ ॲम्पिअर. त्या दोन गुंडाळ्यांत उष्णता तिप्पट. डेल्टा जोडणीत, म्हणजे गुंडाळ्या त्रिकोणासारख्या जोडलेल्या असतात तिथं, उलटं, एक गुंडाळी काळी पडते आणि दोन वाचतात. जळालेली मोटार स्वतःच्या मरणाचं कारण अंगावर लिहून ठेवते, वाचणारा माणूस हवा.

त्या रात्री डीपीवरचा एका फेजचा फ्यूज गेला होता, म्हणून त्या लाइनीवरच्या सगळ्याच मोटारी दोन फेजवर आल्या. आमच्या शेडातले तिन्ही फ्यूज मात्र शाबूत होते. आबा कितीतरी दिवस म्हणत होते, "फ्यूज असून मोटार जळालीच कशी?"

इथं फ्यूजच्या तारेकडे येऊ. १८८० च्या दशकात ब्रिटिश टपालखात्यातले अभियंते विल्यम प्रीस यांनी वेगवेगळ्या धातूंच्या तारा किती करंटला वितळतात ते मोजलं. तांब्यासाठी त्यांचा नियम असा: तारेचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा दीड घात करा, ८० नं गुणा. १ मिलिमीटरची तार ८० ॲम्पिअरला वितळते, अर्ध्या मिलिमीटरची २८ ला. व्यास दुप्पट केला की करंट दुप्पट होत नाही, पावणेतीन पटीच्या वर जातो. हाताला जरा जाड लागणारी तार म्हणूनच फसवते.

मोटार सुरू होताना सेकंदभर ४०-५० ॲम्पिअर ओढते, तेवढं फ्यूजला सोसावं लागतं. त्यामुळं ८ ॲम्पिअरच्या मोटारीलाही २८ ला वितळणारी तार घालावी लागते. मग दोन फेजवर चालताना वाहणारे १४ ॲम्पिअर तिला जाणवणार कसे? आबांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. फ्यूज शॉर्टसर्किटसाठी असतो, म्हणजे दोन फेज एकमेकांना चिकटून शेकडो ॲम्पिअर वाहू लागले तर तारा पेटण्याआधी तोडण्यासाठी. मोटार वाचवायचं काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं. तो ८ ॲम्पिअरवर लावलेला असेल तर १४ ला मिनिटा-दोन मिनिटांत पडतो. आमचा रिले पार शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवला होता, "सारखा पडतोय" म्हणून. गेलेला फेज ओळखायचं काम प्रिव्हेंटरचं. तोही दोन फेजवर कन्डेन्सर लावून मोटार चालवता यावी म्हणून बायपास केलेला. दोन्ही राखणदार आम्हीच झोपवले होते, आणि दोष फ्यूजला दिला. ऑटो स्विच असेल तर धोका आणखी वाढतो, कारण लाईट आली की आपोआप मोटार सुरू करायला तो रात्रीचा टपून असतो आणि शेडात बघायला कुणी नसतं.

घरातल्या एमसीबीत, म्हणजे आपोआप पडणाऱ्या खटक्यात, फ्यूजचं आणि रिलेचं अशी दोन्ही कामं एकाच डबीत होतात. तापून वाकणारी दुहेरी पट्टी हळू वाढणारा भार बघते, तारेचं वेटोळं चुंबक होऊन शॉर्टसर्किट क्षणात तोडतं.

तर तो दुसरा पदर. अर्ध्या मिलिमीटरचा एक पदर २८ ॲम्पिअरला वितळतो, दोन पदर साधारण ५६ ला. आता समजा पावसाळ्यात उंदरानं वायर कुरतडली आणि एक फेज स्टार्टरच्या लोखंडी पेटीला लागला. पेटीला अर्थिंग आहे, म्हणजे तिच्यापासून एक तार जमिनीत पुरलीय. वीज पेटीतून मातीत आणि मातीतून डीपीच्या अर्थिंगला परत जाते. या सगळ्या वाटेचा रोध ५ ओहम धरू, शेतात तो चांगलाच म्हणायचा. २३० भागिले ५, म्हणजे ४६ ॲम्पिअर. एक पदर असेल तर तो काही सेकंदांत वितळतो आणि पेटी निर्जीव होते. दोन पदर असतील तर ४६ ॲम्पिअर तसेच वाहत राहतात. मोटार चालू असते, पाणी पडत असतं आणि पेटीवर शंभराहून जास्त व्होल्ट उभे असतात. पाणी पाजून चिखलाच्या पायानं आलेला माणूस बटण दाबायला त्या पेटीला हात लावतो.

ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम. दीडशे व्होल्टला त्यातून ०.१५ ॲम्पिअर जातात. आपला ९ वॉटचा एलईडी दिवा साधारण ०.०४ ॲम्पिअर घेतो. त्याच्या चौपटीहून थोडा कमी इतका करंट छातीतून सेकंदभर गेला तरी हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. २८ ला वितळणाऱ्या तारेला हे ०.१५ कळतच नाहीत. फ्यूजच्या हिशोबात माणूस कुठंच नाही. त्याला वाचवणारं काय ते, पेटीतून मातीत जाणारा मोठा करंट आणि त्यानं वितळणारी तार. दुसऱ्या पदरानं आबांनी रात्रीची एक फेरी वाचवली आणि तीच वाट बंद केली. हा हिशोब मांडला तेव्हा बॅटरी धरून त्या पेटीशेजारी उभी राहणारी मुलगी मला दिसत होती.

एकपदरी तारेनंही पूर्ण भागत नाही. एप्रिलमध्ये माती सुकते, अर्थिंगचा रोध २० ओहमवर जातो, मग करंट साडेअकरा ॲम्पिअर. तिथं एक पदरही वितळत नाही. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात घागरभर पाणी ओतायची जुनी रीत म्हणून मोलाची आहे. खात्रीचा उपाय आरसीसीबीचा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. थ्री फेजला चारही तारांची बेरीज शून्य यायला हवी. फरक पडला याचा अर्थ वीज तिसऱ्याच वाटेनं परत चाललीय. घरासाठी तो ३० मिलिॲम्पिअरचा, म्हणजे ०.०३ ॲम्पिअरला तोडणारा घ्यावा. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सांगलीत घरोघरी स्विचबोर्डांत गाळ बसला. अशा ओल धरलेल्या भिंतींच्या घरात एमसीबी असूनही आरसीसीबी नसणं मला फार धोक्याचं वाटतं. एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी: एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलेला माणूस त्याला दिव्यासारखाच दिसतो, तिथं तो तोडणार नाही.

मोटारीला ३० चा टिकत नाही. विहिरीतल्या केबलच्या जोडांतून थोडी गळती असतेच आणि तो उगीच पडत राहतो. म्हणून शेतात १०० किंवा ३०० मिलिॲम्पिअरचा लावतात. उघड्या तारेला हात लागला तर तो पुरेसा पडेलच असं नाही, पण पेटीत करंट उतरला तर जे साडेअकरा ॲम्पिअर फ्यूज नुसते बघत बसतो, ते त्याला डोंगराएवढे असतात. माणूस शेडात यायच्या आत तो तोडून मोकळा झालेला असतो.

आमच्या शेडात आता १०० चा आहे. चुलतभाऊ महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबतो. खटका पडला की आतलं यंत्र ठीक आहे एवढं कळतं, अर्थिंगचं काही कळत नाही. ते मीटर लावून वेगळं मोजावं लागतं, आणि आम्ही ते मोजतो एप्रिलच्या शेवटी, माती सर्वांत कोरडी असताना.