कासव संवर्धन (कोकण किनारा)

कोकणच्या पुळणीवर अंडी घालायला येणाऱ्या समुद्री कासवांची घरटी राखणे, गरज असेल तिथे अंडी कुंपणाच्या आत हलवणे आणि पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचतील हे पाहणे, या सगळ्या कामाला कोकणात सरसकट ‘कासव संवर्धन’ म्हणतात. ते करणारा गावकरी तो ‘कासवमित्र’. भारताच्या समुद्रात कासवांच्या पाच जाती आढळत असल्या, तरी कोकणातले हे काम जवळपास ऑलिव्ह रिडले या एकाच जातीचे आहे. प्रौढ मादीचे कवच ६० ते ७० सेंमी लांब असते आणि वजन ३५ ते ४५ किलो भरते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ही जात येते. तिची अंडी काढणे हासुद्धा शिकारीइतकाच गुन्हा आहे.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी हजारो-लाखो माद्या काही रात्रींतच एकत्र किनाऱ्यावर येतात. कोकणात तसे होत नाही. इथे नोव्हेंबर ते मार्च या काळात एखादी मादी एकटीच येते, अंडी घालते आणि पहाटेच्या आत निघून जाते. त्यामुळे राखणही सुटी सुटी, गावागावाची. एका घरट्यासाठी माणसाला रोज तीन-चार किलोमीटर पुळण तुडवावी लागते आणि कित्येक रात्री काहीच हाती लागत नाही.

सुरुवात वेळासची. मंडणगड तालुक्यातले हे गाव तोवर नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून माहीत होते. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडाची पाहणी करत किनाऱ्याने फिरत असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले सापडली. त्या काळी अंडी खाल्ली जात आणि विकलीही जात. देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून दर्शन घेणारा माणूस घरी येऊन त्याच कासवाच्या अंड्यांची पोळी खाई, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने संस्थेने गावातल्याच माणसांना राखणीला घेतले. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात गेली. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरात झाली. पुढे वनविभाग आणि त्याचा कांदळवन कक्ष यांनी हे काम हाती घेतले. आज हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर, गावखडी, वायंगणी अशी ठिकाणांची रांग रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत लागते. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे हेच काम चालते.

माग आणि घरटे

कासवमित्र पहाटे, उजेड फुटायच्या आत निघतो, कारण त्याच्या आधी कुत्री आणि कोल्हे निघालेले असतात. शोधायचा असतो तो माग. समुद्रातून वर आलेला एक आणि परत गेलेला एक असे दोन पट्टे, प्रत्येकी ७० ते ८० सेंमी रुंद. रिडले चालताना पुढचे पाय आलटून पालटून टाकते, म्हणून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा एकमेकींसमोर येत नाहीत. हिरव्या कासवाचे दोन्ही पाय एकदम पडतात, त्याचा माग ट्रॅक्टरच्या चाकोरीसारखा सरळ आणि जोडीजोडीने उमटतो. दोन्ही पट्टे जिथे मिळतात तिथली वाळू विस्कटलेली दिसली तर घरटे असण्याची शक्यता असते. नुसते वळण दिसले तर मादी अंडी न घालताच फिरली. प्रखर दिवा, माणसांचा गलबला किंवा खणताना लागलेली मुळे एवढ्यानेही ती परतते.

मादी मागच्या पायांनी साधारण ४५ सेंमी खोल खड्डा करते. त्याचा आकार सुरईसारखा, मान अरुंद आणि पोट रुंद. त्यात १०० ते १२० अंडी पडतात, प्रत्येक अंडे पिंगपाँगच्या चेंडूएवढे, कवच चिवट कातड्यासारखे. मग ती वाळू लोटते आणि अंग डावी-उजवीकडे आपटून ती चोपून बसवते. येऊन जाईपर्यंत सगळा मामला साधारण तासाभराचा. घरटे नेमके कुठे आहे हे अनुभवी माणूस बारीक काठीने पाहतो. आजूबाजूच्या घट्ट वाळूत काठी अडते, घरट्याच्या मानेत ती भसकन जाते. तेवढ्यावर हात थांबला पाहिजे. आणखी जोर दिला की वरचे अंडे फुटते, आणि फुटलेल्या बलकाने मुंग्या येतात, बुरशी धरते आणि वासावर कोल्हाही येतो.

अंडी हलवणे

घरटे उधाणाच्या रेषेच्या वर असेल आणि कुत्र्यांचा त्रास नसेल तर ते जागच्या जागी ठेवून वर जाळीचा पिंजरा पुरणे हे सर्वांत चांगले. कोकणात मात्र सुरूची लागवड आणि धूपप्रतिबंधक बंधारे यांनी पुळणी अरुंद केल्या आहेत. मादीला वर सरकायला जागाच नसते आणि ती भरतीच्या टप्प्यात अंडी घालून जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी घरट्यात शिरले की अंडी गुदमरतात. अशी अंडी हलवावीच लागतात. हे काम वनविभागाच्या परवानगीनेच करायचे असते.

सगळ्यात मोठे बंधन वेळेचे. अंडी घातल्यावर काही तासांत गर्भ अंड्याच्या आतल्या बाजूस वर चिकटू लागतो. त्यानंतर अंडे फिरले की गर्भाचे आवरण फाटते. म्हणून पहिल्या सहा तासांत हलवावे असा दंडक आहे. दुपारी किंवा संध्याकाळी कळलेले घरटे हलवण्यापेक्षा जागीच राखलेले बरे. अंडी एकेक करून, हाताने, जशी होती तशीच उचलतात. वरची बाजू खाली जाऊ द्यायची नाही, पुसायची नाहीत, धुवायची तर मुळीच नाहीत. टोपलीत तळाला त्याच घरट्यातली ओली वाळू घालतात. मूळ खड्ड्याची खोली आणि पोटाची रुंदी मोजून घेतात आणि कुंपणात तसाच खड्डा हाताने कोरतात. सरळसोट बादलीसारखा खड्डा खणला तर अंडी एका ढिगात बसत नाहीत, हवा नीट खेळत नाही आणि वरची वाळू कोसळते. टोपली उन्हात ठेवणे, मोटारसायकलवर हिसके देत नेणे, मोजताना अंडी दोनदा हाताळणे या नेहमीच्या चुका. चूक झालेले अंडे बाहेरून चांगल्या अंड्यासारखेच दिसते. ती कळते दोन महिन्यांनी.

कुंपण, म्हणजे हॅचरी, दरवर्षी नव्या जागी घालावे किंवा वाळू तरी बदलावी. जुन्या वाळूत फुटक्या अंड्यांची बुरशी टिकून असते. जाळी जमिनीत किमान फूटभर पुरतात, नाहीतर कुत्री आणि खेकडे खालून येतात. दोन घरट्यांत मीटरभर अंतर ठेवतात. पुळणीवर पसरणाऱ्या मर्यादवेलीची मुळे आधी काढून घ्यावी लागतात, ती अंड्यांना वेढून घेतात. प्रत्येक घरट्याशी पाटी असते: तारीख, अंड्यांची संख्या, मूळ ठिकाण.

पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याखाली नर जास्त, वर माद्या जास्त. वाळू सतत ३४-३५ अंशांवर गेली तर अंडी मरतात. डिसेंबरमधले घरटे साठ दिवस घेते, मार्चमधले पंचेचाळीस-पन्नास दिवसांत उकलते. म्हणून उशिराच्या घरट्यांवर माडाच्या झावळ्यांची विरळ सावली करतात. ती पूर्ण झाकेल एवढी दाट मात्र करू नये. सावलीतली हॅचरी थंड पडली की नरच जास्त निपजतात.

पिल्ले

अंडी फुटल्यावर पिल्ले लगेच दिसत नाहीत. सगळी मिळून वाळू ढकलत तीन-चार दिवसांत वर सरकतात आणि वरची वाळू गार झाल्याची चाहूल लागली की बाहेर पडतात. म्हणजे बहुधा रात्री. पाटीवरच्या तारखेपासून चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले की घरट्यावर टोपली पालथी घालतात, म्हणजे पिल्ले कुंपणभर भटकत नाहीत. वाळूला मध्येच बारीक खळगा पडणे ही ती येत असल्याची पहिली खूण. पिल्लू जेमतेम चार सेंमी लांब असते.

इथे महोत्सव आणि पिल्लू यांच्या सोयी जुळत नाहीत. पर्यटकांसाठी पिल्ले सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला सोडण्याची प्रथा आहे. रात्री दोनला निघालेले पिल्लू सातपर्यंत टोपलीखाली धडपडत राहते आणि किनाऱ्यापासून दूर जायला लागणारी पहिल्या दिवसाची ताकद तिथेच खर्ची घालते. गावाला चार पैसे मिळाले म्हणूनच अंडी वाचली, हे खरे असले तरी रात्री निघालेली पिल्ले रात्रीच सोडावीत. सोडताना ती पाण्यात टाकत नाहीत. ओल्या वाळूच्या काही मीटर वर ठेवतात आणि स्वतः चालू देतात. प्रेक्षक दोरीमागे, फ्लॅश बंद, मागे एकही दिवा नको. पिल्लू उजळ क्षितिजाकडे जाते आणि बंगल्याचा बल्ब त्याला समुद्रापेक्षा उजळ दिसतो. सोडण्यापूर्वी मधली वाळू सपाट करून घ्यावी. माणसाच्या पावलाचा ठसा त्याच्यासाठी विहीर असते.

जाळ्यातले मरण

हजार पिल्लांतून एखादेच प्रौढ होते, असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणूनच एका प्रौढ मादीचे मरण कित्येक घरट्यांच्या राखणीवर पाणी फिरवते. कासव फुप्फुसांनी श्वास घेते, आणि दोन-तीन तास ओढलेल्या ट्रॉलच्या जाळ्यात ते बुडून मरते. जाळ्याच्या गळ्यात तिरकी लोखंडी चौकट बसवून झरोक्यातून कासवाला बाहेर काढणारे साधन कोचीच्या मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने भारतीय होड्यांसाठी बनवले आहे, पण त्या झरोक्यातून मासळीही निसटते या भीतीने खलाशी ते टाळतात. अमेरिकेने याच कारणावरून भारताच्या समुद्रातल्या कोळंबीची आयात थांबवली.

जाळ्यातून निश्चल निघालेले कासव मेलेलेच असते असे नाही. त्याला पोटावर ठेवावे, मागची बाजू वीतभर उंच करावी, सावलीत ओले फडके घालून काही तास वाट पाहावी; उताणे करू नये आणि तसेच पाण्यात लोटू नये, बेशुद्ध कासव बुडते. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी प्राणी सोडतानाचे फोटो लागतात. पावसाळ्यात बेवारस जाळ्यांत गुरफटून, पाय तुटून किनाऱ्याला लागलेल्या कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे.

खूणचिठ्ठी

२०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथे पाच माद्यांच्या कवचावर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे चिकटवली गेली. वेळासच्या पहिलीचे नाव ‘प्रथमा’. २०२३ मध्ये गुहागरला ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ यांची भर पडली, आणि बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी असावीत ही समजूत तिथे डळमळली. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडलेल्या मादीच्या पायात धातूची खूणचिठ्ठी होती: क्रमांक ०३२३३, मार्च २०२१ मध्ये ओडिशात लावलेली. हा धागा जुळला तो कासवमित्रांनी चिठ्ठीवरचा आकडा वाचून कळवला म्हणून. तेव्हापासून रात्रीच्या गस्तीत मादी दिसली, तर अंडी घालून झाल्यावर लाल प्रकाशात तिचे पुढचे दोन्ही पाय तपासायचे असतात.