केर्टामेनच्या संघात नाव नोंदवताना: पातळी, सदस्यत्व आणि पालकांची सही

अमेरिकेतल्या शाळांत लॅटिन शिकणाऱ्या मुलांसाठी केर्टामेन ही बझरवरची प्रश्नमंजुषा असते. नॅशनल ज्युनियर क्लासिकल लीग या शालेय विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या (स्थापना १९३६) राज्य आणि राष्ट्रीय अधिवेशनांत ती रंगते. संघात चार जण, समोर सहसा आणखी दोन संघ. एका फेरीत २० मुख्य प्रश्न. बरोबर उत्तराला १० गुण आणि त्यापुढे प्रत्येकी ५ गुणांचे दोन बोनस. व्याकरण, शब्दसंग्रह, पुराणकथा, रोमचा इतिहास, रोमन लोकांचं रोजचं जगणं, सगळं त्यात येतं. मुलं वर्षभर जीव तोडून तयारी करतात आणि कागदांपाशी अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात जास्त घोळ पातळीचा होतो. राष्ट्रीय स्पर्धेत नोव्हिस, इंटरमीडिएट आणि अॅडव्हान्स्ड अशा पातळ्या असतात. त्यांचा मुलाच्या वयाशी किंवा इयत्तेशी संबंध नाही, लॅटिनचं कितवं वर्ष झालं ते बघतात. दहावीत लॅटिन सुरू केलेली मुलगी नोव्हिसच, आणि तिसरं वर्ष करणारा नववीतला मुलगा अॅडव्हान्स्ड. राष्ट्रीय अधिवेशन उन्हाळ्यात, जुलैच्या अखेरीस असतं. तिथे नुकतं संपलेलं वर्ष धरतात, ऑगस्टमध्ये सुरू होणारं नाही. वरच्या पातळीवर खेळता येतं, खालच्या नाही.

खरी पंचाईत होते ती लॅटिनचा पहिला भाग सातवी-आठवीत दोन वर्षांत विभागून शिकवणाऱ्या शाळांत. प्रगतिपुस्तकावर नुसतं ‘लॅटिन’ लिहिलेलं, त्यावरून काहीच कळत नाही. अशा वेळी शिक्षकांकडून नेमकी पातळी लेखी घ्या, तीही राज्याचा नियम वाचून. हा कागद कोणाकडेच नसतो आणि ऐनवेळी तोच लागतो.

सदस्यत्व तीन ठिकाणी लागतं: शाळेची शाखा, राज्य आणि राष्ट्रीय लीग. शाळेच्या क्लबमध्ये नाव आहे म्हणजे झालं, असं समजू नका. वर्गणीची मुदत आणि अधिवेशनाच्या नोंदणीची मुदत या दोन वेगळ्या तारखा असतात. वर्गणीची तारीख आधी येते आणि तीच हुकते. भारतातून नुकत्याच आलेल्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: इथे तारखेत महिना आधी लिहितात. ०३/०५ म्हणजे ५ मार्च.

पालकांना थेट अर्ज करता येत नाही. नोंदणी शाखेच्या स्पॉन्सर, म्हणजे शाखेची जबाबदारी घेणाऱ्या शिक्षकांमार्फतच होते. शाळेत लॅटिन नसेल तर आधी शाखा शोधावी लागते. घरी शिकणाऱ्या मुलांच्या गटांनीही शाखा काढलेल्या आहेत, तिथे विचारा. बारावी झालेल्यांनी निराश होऊ नये. त्याच उन्हाळ्याच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांना खेळता येतं. मात्र राष्ट्रीय स्पर्धेत संघ राज्याचा असतो, शाळेचा नाही, आणि निवडीची पद्धत राज्यागणिक बदलते.

आता कागदपत्रं. वर्तणुकीच्या नियमांवर विद्यार्थी आणि पालकांच्या सह्या, विमा कार्डाची प्रत, हे सरळ आहे. अडतं ते वैद्यकीय संमतीपत्रावर. त्यावर आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांचीच सही चालते. उन्हाळ्यात घरी आजी-आजोबा असतात आणि तेच मुलांचं सगळं बघतात, पण त्यांची सही धरत नाहीत. एवढ्या कारणावरून तयारीच्या मुलाला परत पाठवणं मला अजिबात पटत नाही, पण नियम तसा आहे. काही ठिकाणी नोटरीही मागतात. तिथे घरून सही करून जाऊ नका, सही नोटरीसमोरच करा. नाहीतर नवा फॉर्म घेऊन पुन्हा जावं लागू शकतं.

जुलैत भारतात जायची तिकिटं काढली असतील आणि मुलगा मागे राहून अधिवेशनाला जाणार असेल, तर हे संमतीपत्र निघण्यापूर्वीच पूर्ण करून स्पॉन्सरच्या हातात द्या, आणि त्याची एक प्रत मुलाच्या बॅगेत ठेवा.