ईसीएम बदलण्याचे काम इतके गुंतागुंतीचे का झाले : एक पार्श्वभूमी

सोलापूरच्या गॅरेजांत ज्याला सरसकट 'ईसीएम' म्हणतात, तो इंजिनाचे नियंत्रण करणारा कॉम्प्युटर बिघडला की गाडीमालकापुढे तीन वाटा असतात. कंपनीच्या वर्कशॉपमधून नवा ईसीएम घ्यावा, दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवून जुनाच नीट करून आणावा, किंवा पुण्या-मुंबईच्या भंगार बाजारातून त्याच मॉडेलचा वापरलेला आणून बसवावा. तिसरी वाट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवी. तारांचा कपलर नेमका बसतो, स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. किंवा पेट घेते आणि डॅशबोर्डावरचा चेक लाइट काही केल्या विझत नाही. दोष दर वेळी विकणाऱ्याचा असतोच असे नाही. हा डबा मोटारीत कशासाठी आला आणि नंतर त्याच्यावर कोणकोणती कामे सोपवली गेली, हे पाहिल्याशिवाय या अडचणीचा उलगडा होत नाही.

इंजिनात पेट्रोल विजेच्या साहाय्याने फवारण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने केला. तिची 'इलेक्ट्रोजेक्टर' ही प्रणाली क्रायस्लरच्या १९५८ च्या मोजक्या मोटारींवर बसली; परंतु त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग उष्णता आणि ओल यांपुढे टिकले नाहीत आणि बहुतेक गाड्यांवर हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणारे जुने कार्बोरेटर पुन्हा चढवावे लागले. पुढे बेंडिक्सचे पेटंट बॉश या जर्मन कंपनीकडे गेले. त्यातून उभी राहिलेली 'डी-जेट्रॉनिक' प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर आली, ती अमेरिकेतील, विशेषतः कॅलिफोर्नियातील, धुराचे नियम समोर ठेवून. म्हणजे या कॉम्प्युटरचा जन्म वेगासाठी किंवा मायलेजसाठी झालेला नाही. तो कायद्याच्या दडपणाखाली झाला, आणि पुढच्या बहुतेक पायऱ्याही त्याच कारणाने चढल्या गेल्या.

सत्तरच्या दशकात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आल्यावर कार्बोरेटरचे दिवस भरले. तीन प्रकारचे विषारी वायू एकाच वेळी निकामी करायचे, तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग, हे वजनातील प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावे लागते. ते काम सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचे वाचन पाहून फवारा कमीजास्त करणारा कॉम्प्युटर या जोडीलाच जमते. १९७९ मध्ये बॉशच्या 'मोट्रॉनिक'ने फवारा आणि ठिणगी ही दोन्ही कामे एका डब्यात आणली. १९८१ पासून जनरल मोटर्सने आपल्या बहुतेक पेट्रोल मोटारींत कॉम्प्युटर दिला. त्या गाड्यांत डबा बदलणे तुलनेने सोपे होते. विशिष्ट गाडीची माहिती एका वेगळ्या, काढता-घालता येणाऱ्या चिपमध्ये असे. मेकॅनिक जुन्या डब्यातील चिप नव्या डब्यात बसवत असे आणि गाडी चालू होत असे. पुढे नव्वदच्या दशकात ही माहिती बोर्डावर पक्क्या बसवलेल्या, पण विजेने पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीत गेली. काम हाताचे राहिले नाही, ते सॉफ्टवेअरचे झाले.

आपल्याकडे हे सारे उशिरा आले. १९८३ ची मारुती ८०० कार्बोरेटरवर धावत होती आणि डिझेल गाड्यांचा प्राण होता इंजिनात डिझेल फवारणारा मायको कंपनीचा पंप, जो स्थानिक कारागीर बाकावर लावून कॅलिब्रेट करून देत. १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, २००० मध्ये ते देशभर झाले. शिसे कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर या दोघांचाही घात करते, म्हणून ही पूर्वतयारी अटळ होती. त्याच वर्षी युरो-१ या युरोपीय धूर-मानकाच्या धर्तीवरील नियम देशभर लागू झाले आणि एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पेट्रोल-फवारा देणारी प्रणाली) ही अक्षरे मागच्या काचेवर मिरवू लागले. डिझेलमध्ये कॉमन रेल, म्हणजे एका सामायिक नळीतून सर्व इंजेक्टरांना (फवारा सोडणाऱ्या नोझलांना) उच्च दाबाने डिझेल पुरवणारी प्रणाली, आल्यावर मायकोच्या पंपाभोवतीचे कारागिरीचे जगही आटत गेले.

सोलापूरच्या दृष्टीने निर्णायक तारीख मात्र १ एप्रिल २०१० ही आहे. त्या दिवशी चारचाकींच्या धुरावर मर्यादा घालणारे भारत स्टेज-४ हे मानक देशातील फक्त तेरा शहरी विभागांत लागू झाले, आणि महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई व पुण्यासोबत सोलापूर होते. नागपूर, नाशिक, औरंगाबाद ही मोठी शहरे तेव्हा त्यात नव्हती. हवेतील सूक्ष्म कणांच्या पातळीमुळे सोलापूरचे नाव प्रदूषित शहरांच्या चर्चेत आधीच आले होते. हा मान कोणी मागून घेतलेला नव्हता. शहरातील पंपांवर ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) गंधकाचे इंधन आले, तर शेजारच्या उस्मानाबाद, लातूरकडे भारत स्टेज-३ चे, म्हणजे डिझेलमध्ये ३५० पीपीएमपर्यंत गंधक चालवून घेणारे मानक राहिले. स्टेज-४ देशभर झाले ते १ एप्रिल २०१७ रोजी.

या मधल्या सात वर्षांत एकच मॉडेल दोन मानकांत विकले जाण्याचे प्रकार घडले, विशेषतः डिझेल गाड्यांत. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच. आतील सेन्सर, इंधनाचे तक्ते आणि ईसीएमचे सॉफ्टवेअर मात्र वेगळे. शिवाय स्टेज-४ गाड्यांना २०१० पासून बिघाड स्वतः ओळखण्याची प्राथमिक व्यवस्था आणि २०१३ पासून तिची दुसरी, कडक पातळी बंधनकारक झाली, ज्यात कन्व्हर्टर नीट काम करतो की नाही यावरही कॉम्प्युटरला लक्ष ठेवावे लागते. त्यामुळे एमएच १३ च्या, म्हणजे सोलापूर नोंदणीच्या, गाडीत लातूरकडच्या त्याच मॉडेलचा, त्याच सालचा ईसीएम बसवला तर तो गाडीतील एखाद्या सेन्सरला ओळखतच नाही, किंवा गाडीत नसलेला सेन्सर शोधत बसतो. डब्यावरच्या चिठ्ठीवरील हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर क्रमांक जुळवण्याचा आग्रह जाणकार मेकॅनिक धरतात तो याचसाठी. मॉडेल आणि साल सांगून भाग मागण्याची आपली जुनी सवय इथे अपुरी पडते.

दुसरी गाठ चोरीविरुद्धच्या उपायांनी मारली. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे योग्य किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला आणि जागतिक कंपन्यांच्या रचनेतून तो भारतीय गाड्यांतही उतरला. किल्लीतील चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम यांच्यात गुप्त सांकेतिक ओळख ठरलेली असते. ती पटली नाही तर ईसीएम इंधन सोडत नाही. परक्या गाडीतून काढलेला डबा म्हणूनच मुका राहतो. त्याला नव्या गाडीशी जोडायला कंपनीचे स्कॅनर आणि सुरक्षा कोड लागतो, नाहीतर जुन्या डब्यातील स्मृती वाचून जशीच्या तशी दुसऱ्यात लिहावी लागते. याला बाजारात क्लोनिंग म्हणतात. कॉमन रेल गाड्यांत अनेकदा प्रत्येक इंजेक्टरचा स्वतंत्र कोडही ईसीएममध्ये भरलेला असतो. क्लोनिंगमध्ये तो आपोआप येतो, कोरा डबा बसवल्यास तो हाताने भरावा लागतो.

मुळात ईसीएम जितक्या वेळा दोषी ठरवला जातो तितक्या वेळा तो दोषी नसतो, असे माझे मत आहे. रिले, फ्यूज, सैल अर्थिंग किंवा गंजलेला कपलर यांची तपासणी कंटाळवाणी असते, डबा बदलून पाहणे सोपे वाटते. एखादा सेन्सर शॉर्ट होऊन पाच व्होल्टचा पुरवठा खाली ओढला गेला, तर अख्खा ईसीएम मेल्यासारखा वागतो. खरोखर जळालेल्या डब्यामागेही बहुधा बाहेरचे कारण असते : उलटी जोडलेली बॅटरी, आत शिरलेले पाणी, किंवा बॅटरी न सोडता बंपर गार्डला केलेले वेल्डिंग. ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल शॉर्ट असेल तर तिला चालवणारा आतील ट्रान्झिस्टर जळतो, आणि कॉइल न बदलता लावलेला नवा ईसीएमही त्याच वाटेने जातो.

१ एप्रिल २०२० पासून स्टेज-५ वगळून थेट स्टेज-६ देशभर एकाच दिवशी आले, त्यामुळे सोलापूर आणि लातूर यांच्या गाड्यांतील तो जुना फरक नव्या पिढीत उरलेला नाही. मात्र आता अनेक ईसीएमचे प्रोसेसर आपली स्मृती कुलूपबंद ठेवतात, बाहेरच्या यंत्राला सहजी वाचू देत नाहीत. डबा उघडून क्लोनिंग करण्याचे जे काम जुन्या गाड्यांसाठी गॅरेजमध्ये होऊ शकते, ते या गाड्यांसाठी पुष्कळदा कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेल्या वर्कशॉपमध्येच करून घ्यावे लागते.