गेमिंग कन्सोल आणि डेस्कटॉप : कार्यक्षमतेची तुलना

कन्सोल आणि डेस्कटॉप यांतले कोणते यंत्र गेम किती ताकदीने चालवते, हे ताडून पाहण्याची पद्धत. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरची रचना मुळातच निराळी होती, त्यामुळे तिथे तुलनेला आधारच नव्हता. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोघांनीही एएमडीचे एक्स८६ प्रोसेसर (डेस्कटॉपमध्ये असतात त्याच जातीचे) घेतले आणि कन्सोल आतून पीसीच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या, जवळ आला. (२००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्येही इंटेलचाच प्रोसेसर होता, पण पुढच्या पिढीत ती वाट सुटली.)

कन्सोल की पीसी या वादात सर्वाधिक फेकला जाणारा आकडा टेराफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी होतात त्याचा. त्याचे गणित सोपे आहे. प्लेस्टेशन ५ च्या ग्राफिक्स भागात ३६ कॉम्प्युट युनिट (आकडेमोड करणारे गट), प्रत्येकात ६४ शेडर (आकडेमोड करणारे छोटे घटक), घड्याळाच्या एका ठोक्याला प्रत्येक शेडरच्या २ क्रिया आणि कमाल वेग २.२३ गिगाहर्ट्झ, गुणाकार केला की १०.२८ टेराफ्लॉप येतात. एक्सबॉक्स सिरीज एक्सचे ५२ युनिट १.८२५ गिगाहर्ट्झने चालतात, म्हणून १२.१५. हा आकडा कागदावरची कमाल सांगतो, पडद्यावर काय दिसेल ते नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २०८० टीआय कार्डाचे टेराफ्लॉप सुमारे १३ आणि आरटीएक्स ३०७० चे सुमारे २०, तरी बहुतेक गेममध्ये दोन्ही कार्डे जवळपास बरोबरीने धावतात. वेगवेगळ्या रचनांचे टेराफ्लॉप समोरासमोर ठेवणे म्हणूनच फसवे.

मेमरीचीही तीच गत. प्लेस्टेशन ५ ची १६ जीबी जीडीडीआर६ मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत सामाईक आहे, तर डेस्कटॉपवर रॅम वेगळी आणि कार्डावरची मेमरी वेगळी. त्यामुळे '१६ जीबी विरुद्ध १६ जीबी' या मांडणीला अर्थ नाही. कन्सोलचा प्रोसेसरही नावाने झेन २ (एएमडीची एक प्रोसेसर-रचना) असला, तरी त्याची कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी, एएमडीच्या त्याच पिढीतल्या डेस्कटॉप रायझन प्रोसेसरपेक्षा बरीच लहान आहे.

खरी तुलना एकाच गेममध्ये, तेच दृश्य आणि तेच रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) ठेवून, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) मोजून करावी लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. वेळ अपुरा पडू लागला की कन्सोलवरचे अनेक गेम गुपचूप रिझोल्यूशन उतरवतात. पीसीवर ही सोय चालू नसेल तर फ्रेम गळतात, आणि बघणाऱ्याला पीसीच दुबळा वाटतो.

कन्सोलच्या बाजूने एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे : हार्डवेअर ठरलेले असल्याने शेडर (इथे अर्थ चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) आधीच तयार करून गेमसोबत देता येतात. पीसीवर कार्ड आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) यांची जोडी घरोघरी वेगळी, म्हणून ते काम खेळणाऱ्याच्या यंत्रावर होते. ते ऐन खेळताना झाले, तर महागड्या कार्डावरही नव्या ठिकाणी पाऊल टाकताच चित्र क्षणभर अडखळते.